वयाचा पुरावा

शुक्रवार, ९ जानेवारी

आज सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानदाराने माझ्या सतरा वर्षांच्या नातीला, तिच्या अंगावर शाळेचा गणवेश असताना, व्होडकाची चपटी बाटली विकली. वेळ मला मिनिटासकट ठाऊक आहे, कारण ती पावतीवर छापलेली आहे. चोरी करून वर पावती देणारा चोर मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

खारू मला जिन्यात सापडली. एक बूट पायात, एक हातात. म्हणाली, "आजी, या जिन्याला दर वेळी वेगळ्याच पायऱ्या निघतात गं." मग माझ्या चपलेवर ओकली.

तिला आंघोळ घातली, झोपवलं. आता घोरते आहे. तोंड उघडं टाकून, दोन वर्षांची असताना झोपायची तशी. तेव्हा गालात दाणे भरून ठेवायची, म्हणून ती खारू. तिचे आईबाप वेगळे झाले तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. लेकीची नोकरी दुसऱ्या शहरात, जावयाचा संसार तिसऱ्याच.

एका मोठ्या हॉटेलच्या खोल्यांची व्यवस्था मी उभी हयात पाहिली. सुरकुतलेल्या चादरीवरून नवराबायको भांडलेत की नाही हे मी सांगत असे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. त्या दुकानदाराला हे उद्या कळेल.

शनिवार, १० जानेवारी

दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईक समजून त्याने मला पहिला नंबर दिला.

"काय देऊ, मावशी?"

"मी तुमची मावशी नाही. काल या मुलीला हे विकलंत. वय विचारलंत?"

त्याने पावती पाहिली, खारूचा फोटो पाहिला. "पोरगी दिसायला थोराड आहे."

"गणवेशात होती ती! एकविसाव्या वर्षी गणवेश कोण घालतं?"

"बँकेचा शिपाई घालतो. लिफ्टवाला घालतो. तुम्हीही घातला असेल की नोकरीत."

मागचे गिऱ्हाईक हसले. मी वळून पाहिल्यावर थांबले. एकाने तर खिशातली बाटली पाठीमागे धरली, जणू काही मी त्याचा कान पिळणार होते.

मी सांगितलं, तक्रार करणार. तो म्हणाला, "करा. पण मावशी, तिला प्यायचीच असेल तर माझं दुकान गेलं तरी ती पिणार." गुन्हेगाराचं तत्त्वज्ञान नेहमीच फार खोल असतं.

घरी येऊन खारूला विचारलं, का प्यायलीस? नखावरचा रंग खरवडत बसली. मग म्हणाली, "प्यायल्यावर डोकं जरा गप्प बसतं."

मी म्हटलं, डोकं गप्प बसवायला देवाने झोप दिली आहे. लवकर झोपावं, लवकर उठावं, केस घट्ट बांधावेत.

हसली. "हो आजी." पटलं तिला.

सोमवार, १२ जानेवारी

परवाना कार्यालय. साहेब जागेवर नाहीत. साहेबांची खुर्ची आहे, खुर्चीवर टॉवेल आहे, टॉवेल महिन्याभरात धुतलेला नाही. कारकुनाने माझा अर्ज उलटा धरून वाचला आणि म्हणाला, "वयाचा पुरावा जोडा."

"मुलीचा जोडलाय."

"तुमचा."

"माझा कशाला? दारू मी नाही घेतली."

"तक्रारदार सज्ञान पाहिजे."

"माझ्या तोंडाकडे बघून तुम्हाला काय वाटतं?"

"तोंड फायलीला लावता येत नाही, आजी."

परत आले. खारूने ओळखपत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, माझ्या नावाचं कसलंसं खातं उघडलं, आणि अर्ज घरबसल्या पाठवून दिला. बोटं काय झरझर चालतात पोरीची! तिला म्हटलं, आजपासून तू माझी सेक्रेटरी. खूश झाली. पगार काय, म्हणाली. मी म्हटलं, दोन वेळचं जेवण आणि माझी बोलणी.

रात्री लेकीचा फोन. "आई, तिच्यावर ओरडू नकोस, परीक्षा तोंडावर आहे."

"मी ओरडत नाही. स्पष्ट बोलते."

"तुझं स्पष्ट बोलणं खालच्या मजल्यावरचे लोक पाठ म्हणतात."

मंगळवार, २७ जानेवारी

विजय! दुकानदाराने पाटी लावली आहे: 'एकवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य मिळणार नाही.' नुसती लावली नाही, पाळतो आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या टकल्या गृहस्थांनाही त्याने काल वय विचारलं. ते मला जिन्यात म्हणाले, "तुमच्यामुळे या वयात तारुण्य भोगतोय."

खारूला पाटीचं सांगितलं. तिने टाळी दिली. फार दिवसांनी दिली.

सोमवार, २ फेब्रुवारी

मेल्यांनी घात केला. दारूची वयोमर्यादा एकवीसवरून अठरावर आणायचा सरकारचा विचार आहे. म्हणे अठराव्या वर्षी मत देता येतं, मुलीला लग्न करता येतं, बंदूक हातात घेऊन सीमेवर उभं राहता येतं, मग पेला का नको? मी म्हणते, अठराव्या वर्षी या तिन्ही गोष्टी करून लोकांनी जे दिवे लावलेत ते पाहून तर मर्यादा चाळीसवर न्यायला हवी.

समिती नेमली आहे. लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत. खारूने माझं नाव नोंदवलं. तीन मार्चला सुनावणी.

"मीही येऊ?" तिने विचारलं.

"तुझी सराव परीक्षा?"

"तू बोलताना बघायचंय मला."

हो म्हणून टाकलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

भाषण लिहिते आहे. कोवळ्या मेंदूचं काय होतं, अपघात किती होतात, सगळं काढलं. खारू टाइप करते. मध्येच म्हणाली, "आजी, इथे नुसतंच 'तरुण मुले' 'तरुण मुले' आहे. एखादं माणूस घाल ना." मी म्हटलं, समितीपुढे रडगाणं गायचं नसतं, मुद्दे मांडायचे असतात.

दुपारी पार्सल आलं. हल्ली बरीच येतात, प्रिंटरची शाई, कागद. एरवी खारूच घेते, पण आज हाक मारून म्हणाली, "आजी, दारात येऊन जरा तोंड दाखव." पार्सलवाला मुलगा फोनमधलं माझं ओळखपत्र बघे आणि मला बघे. मग म्हणाला, "जुळलं. जपा हं तब्येतीला, आजी." माझ्या तब्येतीची चौकशी करणारा हा कोण?

"शाईला वय कशाला बघतात?"

"नवीन नियम आहे," खारू म्हणाली. "आता सगळ्यालाच बघतात."

कौतुक वाटलं. शाईच्या बाबतीत इतकी दक्षता! याच्या निम्मी जरी दारूच्या बाबतीत पाळली असती, तर मला या वयात कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

खारूत सुधारणा आहे. पाण्याची निळी बाटली सतत जवळ ठेवते. अभ्यासाला बसली की घोट घोट पिते. मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते, पाणी पी म्हणून. फक्त जेवण कमी झालंय आणि दुपारची फार झोपते. परीक्षेचा ताण. शिक्षिकेचा फोन आला होता की ती वर्गात डुलक्या घेते. मी त्यांना ऐकवलं, जागं राहावंसं वाटेल असं शिकवा.

कारकुनाचंही उत्तर आलं. माझी तक्रार 'विचाराधीन' आहे. कोणाच्या विचाराधीन, ते लिहिलेलं नाही.

मंगळवार, ३ मार्च

लिहायचंच आहे.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर समितीचे तिघे. मधल्या बाई अध्यक्षा, बऱ्या वाटल्या. मद्यविक्रेत्यांच्या रांगेत आमचा दुकानदार इस्त्रीच्या शर्टात. माझ्या आधी एक कॉलेजातला मुलगा बोलला. म्हणाला, "एकविसापर्यंत आम्ही पीत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? आम्ही गच्चीवर, गाड्यांच्या आडोशाला, घाईघाईने पितो, कारण पकडले जायच्या आत संपवायची असते. कोणाला जास्त झाली तर दवाखान्यात न्यायला घाबरतो. माझा मित्र तसाच गेला. उघड असतं तर कोणीतरी मोठं माणूस शेजारी असतं." आणि खाली बसला. त्याला टाळ्या पडल्या नाहीत, कोणाला सुचल्याच नाहीत. तो मूर्ख असता तर मला बरं झालं असतं. मूर्ख नव्हता.

मग मी. खारू पहिल्या रांगेत, माझी पर्स आणि तिची बाटली मांडीवर घेऊन. चांगली बोलत होते. मेंदूचा मुद्दा झाला, अपघातांचा झाला. दुकानदारांवर आले आणि घसा सुकला. समोरचा पाण्याचा जग रिकामा. मी पुढे वाकले आणि खारूच्या हातातली बाटली धरली. तिने ती सोडली नाही. मला वाटलं चेष्टा करते. ओढून घेतली आणि मोठा घोट घेतला.

हॉटेलात काही पाहुणे खोलीतल्या दारूच्या छोट्या बाटल्या पिऊन त्यांत पाणी भरून ठेवत. मी झाकण न उघडता ओळखायची. बुडबुडे कसे चढतात त्यावरून. नव्या पोरी तोंडात बोट घालत.

घोट तोंडात होता. माईक चालू होता. खारू माझ्याकडे बघत होती. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नाही, तो लिहिता येत नाही मला. थुंकायचं तर सगळ्यांसमोर. मी गिळलं.

अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आजी, बरं वाटत नाही का? पाणी मागवू?"

"नको," मी म्हटलं. "आहे माझ्याकडे."

झाकण लावलं. पुढचे कागद दिसत होते, पण वाचता येत नव्हते. "मर्यादा एकवीसच ठेवा," एवढं म्हणून बसले.

बाहेर दुकानदार आडवा आला. मी काही बोलायच्या आत त्याने हात जोडले. त्याला वास आला असणार, त्याचा धंदाच तो. हळूच म्हणाला, "मावशी, माझ्याकडची नाही. त्या दिवसानंतर मी तिला पायरी चढू दिलेली नाही. पण तुमच्या घरी पार्सल येतं ना? त्या पोराने एकदा मलाच पत्ता विचारला होता. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, लागत असेल. आपण कशाला बोला."

टॅक्सीत खारू म्हणाली, "त्यांना वयाचा पुरावा हवा होता. माझ्याकडे तुझा होता."

एकाहत्तर वर्षांच्या बाईला घरपोच दारू. चेहरा जुळवून. कायदा तंतोतंत पाळला गेला आहे. तक्रार करायला जागा नाही.

बुधवार, ४ मार्च

पाहुणा गेला की खोली कशी घ्यायची हे मला कोणी शिकवायला नको. आधी सगळं बाहेर, मग धुणं, मग नवी चादर. तशी खारूची खोली घेतली. गादीखाली, बुटांत, शब्दकोशांच्या मागे. सगळं मोरीत ओतलं. जंतुनाशकाने फरशी दोनदा पुसली. माझ्या नावाचं ते खातं तिच्याकडून बंद करवून घेतलं.

ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आजी, थोडी तरी ठेव. एकदम नको. भीती वाटते."

मी म्हटलं, घाण थोडी ठेवून खोली स्वच्छ होते का?

शुक्रवार, ६ मार्च

सकाळी चहाच्या टेबलावर कप हातातून गळाला. मी ओरडायला तोंड उघडलं तर ती खुर्चीतून खाली. डोळे वर, दात घट्ट, सगळं अंग आपटत होतं. खालचे टकले गृहस्थ धावत आले, त्यांनी तिला कुशीवर केलं. मी नुसती टॉवेल घेऊन उभी. टॉवेल का आणला ते माहीत नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई. "रोजची सवय होती. अशी एकदम तोडायची नसते, झटका येतो. कोणी सांगितलं बंद करायला?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, ९ मार्च

लेक दोन दिवस येऊन गेली. रजा संपली. जाताना मला म्हणाली, "तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते." रागाने नाही म्हणाली. जावयाने फोनवर फुलांचं चित्र पाठवलं आहे. खाली लिहिलंय, 'लवकर बरी हो.'

आज मुलांच्या वॉर्डातून सोडलं. गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरा उपचार इथे नाही, पलीकडच्या इमारतीत व्यसनमुक्ती विभाग आहे, तिथे दोन महिने ठेवायला हवं, नाहीतर परत सुरू होईल.

गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "वय?"

"सतरा."

"अठरा पूर्ण लागतात. इथे मोठी माणसं असतात, लहान मुलांना ठेवता येत नाही."

"मग मुलांच्या वॉर्डात उपचार करा."

"तिथे हा विभाग नाही."

"अठरा बावीस जूनला होतात."

"मग त्याच दिवशी आणा."

"तोवर मी काय करू?"

"लक्ष ठेवा."

खारू बाकावर बसून सगळं ऐकत होती. हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली. "आजी," म्हणाली, "मी लवकर सुरू केलं गं. नंबर यायच्या आधीच."

तिला ओरडायला हवं होतं. मीही हसले. खिडकीतल्या माणसाला वाटलं असेल, दोघीही प्यायल्यात.

गुरुवार, १२ मार्च

समितीने अठरा वर्षांची शिफारस केली. बातमी आतल्या पानावर आहे, चौकटीतसुद्धा नाही. म्हणजे बावीस जूनला माझी नात दारू विकत घ्यायला लायक होणार, आणि त्याच दिवशी दारू सोडवून घ्यायलाही. दोन्ही दारं एकाच दिवशी उघडणार. तोवर ती आणि मी, जिन्यात.

गोळ्यांनी हात थरथरायचे थांबलेत. परीक्षा बुडाली. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते. दुपारी म्हणाली, "लिहीत नको बसू. इथे ये ना." कारकुनाला स्मरणपत्र अर्धं झालं होतं. म्हटलं, आलेच एवढं संपवून. गेले तेव्हा तिचा डोळा लागला होता.

शनिवार, १४ मार्च

आज खारूला बरं वाटतं आहे. दुपारी म्हणाली, जरा मोकळ्या हवेत जाऊन येते. पाठोपाठ जावं असं वाटलं. पण किती दिवस माणसाला दोरी बांधणार? खिडकीत उभी राहिले. ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळलीच नाही, सरळ पुढे गेली. पुढे काय आहे ते खिडकीतून दिसत नाही.

यायला वेळ लागला. आली ती गाणं गुणगुणत. गाल लाल झालेले. स्वयंपाकघरात येऊन मला मागून मिठी मारली, मानेत तोंड खुपसलं. "आजी, तू जगातली सगळ्यात खडूस आणि सगळ्यात चांगली."

मी श्वास रोखून धरला. ती सोडेपर्यंत घेतला नाही.

मग टेबलाशी बसून हे लिहिलं. सोमवारी स्वतः नेऊन देणार.

प्रमुख, व्यसनमुक्ती विभाग, यांस,

महोदय, माझी नात सतरा वर्षांची आहे. तिला दारूचे व्यसन आहे. हे वाक्य मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही. आपल्याला लिहीत आहे. आपल्या विभागात अठरा वर्षांखालील रुग्णास जागा नाही आणि मुलांच्या वॉर्डात हा उपचार नाही, असे आपल्या खिडकीवर सांगण्यात आले. तसा नियम असल्यास तो कोणी आणि का केला, आणि बावीस जूनपर्यंत या मुलीला कोठे ठेवावे, हे मला लेखी कळवावे. 'लक्ष ठेवा' हे उत्तर धरले जाणार नाही. लक्ष मी पहिल्या दिवसापासून ठेवून आहे.

सोमवार, दिनांक १६ मार्च रोजी सकाळी दहा वाजता मी तिला घेऊन आपल्या खिडकीसमोरच्या बाकावर बसेन. दुपारी बारापर्यंत मी तिला तिथे बसवून ठेवू शकेन, त्याहून जास्त वेळ ती बसू शकत नाही. उत्तर त्याच्या आत, लेखी द्यावे.